निळीचा रांजण आणि सांडपाण्याची टाकी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



व्याख्यानाचा विषय आम्ही आमच्या मनाने निवडावा अशी मोकळीक मंडळाने दिली, तेव्हा काही वडीलधाऱ्या मंडळींनी ज्ञातीच्या पूर्वेतिहासावर बोलण्याचे सुचविले. तो विषय मोठा आहे यात शंका नाही. परंतु त्यावर अधिकाराने बोलणारे आपल्यात पुष्कळ आहेत, आणि आमची उमेदीची सारी वर्षे कारखान्यांतून बाहेर पडणारे पाणी तपासण्यात गेली. रंगाऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाने जन्मभर रंगाचे पाणी तपासत बसावे, यात कोणास गंमत वाटली तर वाटो. पूर्वी रंगाऱ्याचे नाव निघे ते लुगड्याच्या रंगावरून किंवा पागोट्याच्या पक्केपणावरून; आता ते निघते ओढ्याच्या पाण्यावरून. २०१७ सालच्या ऑगस्ट महिन्यात नवी मुंबईजवळच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत रस्त्यावरची कुत्री निळी झालेली आढळली. रंग वापरणाऱ्या एका कारखान्यावर त्याचा ठपका आला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो बंद करविला. ती छायाचित्रे जगभर गेली व लोक हसले. आम्हास हसू आले नाही, आणि येथे बसलेल्या प्रोसेसवाल्या मंडळींसही आले नसेल.

तेव्हा आज आम्ही बोलणार आहोत ते रंगाचे सांडपाणी सूक्ष्मजीवांकडून शुद्ध करून घेण्याच्या विद्येविषयी. विषय नाक मुरडण्याजोगा वाटेल. परंतु ही विद्या आपल्या ज्ञातीस परकी नाही, असे आमचे म्हणणे आहे, आणि ते प्रथम सिद्ध करितो.

आपल्या पणजोबांच्या काळी निळीचा रांजण जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला असे. त्यात नीळ, चुना, गूळ, कोंडा, कोठे टाकळ्याचे शिजविलेले बी, असे पदार्थ घालून तो आंबत ठेवीत. नीळ ही पाण्यात विरघळत नाही, आणि जो रंग विरघळत नाही तो धाग्यात शिरत नाही. ही मूळची अडचण. रांजणातील सूक्ष्मजीव गूळ व कोंडा खात, पाण्यातील प्राणवायू संपवीत, आणि तो संपल्यावर खाण्याच्या क्रियेत सुटणारे विद्युत्कण निळीच्या स्वाधीन करीत. त्यामुळे निळीचे रूप पालटून ती पिवळट हिरवी व विद्राव्य होई. कापड बुडवून वर काढले की प्रथम हिरवे दिसे, आणि हवेतील प्राणवायू लागताच पाहता पाहता निळे होई. या कृतीत कष्टाचा भाग सूक्ष्मजीवांचा होता. रंगारी त्यांचा सांभाळ करी. रांजण लागला की नाही हे तो फेसावरून, वासावरून, क्वचित थेंब जिभेस लावून ठरवी. थंडीच्या दिवसांत त्यास ऊब देई, भूक दिसली की गूळ घाली. युरोपात वोड नावाच्या झाडाच्या पाल्यापासून निळा रंग काढीत, त्याचेही पिंप असेच आंबवीत. त्या पिंपातील एक जिवाणू वेगळा करून १९९९ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्या प्राण्याचे नाव शास्त्रज्ञांनी परवा परवा ठेविले, त्याची चाकरी रंगारी शतकानुशतके घेत आला होता.

१८९७ साली जर्मनीतील कारखान्याची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि पुढे तिला विरघळविण्यासाठी हायड्रोसल्फाइटची पूड मिळू लागली. रांजण गेले आणि त्यांच्याबरोबर रंगाऱ्याच्या घरातील एक शहाणपणही गेले. जिवंत वस्तूकडून काम करून घ्यावयाचे तर तिला वेळेवर खाऊ घालावे लागते, तिची प्रकृती पाहावी लागते, हे ते शहाणपण. आजच्या सांडपाण्याच्या टाक्या बंद पडतात त्या बहुधा याच शहाणपणाच्या अभावी. हे विधान आम्ही जबाबदारीने करीत आहो.

आता नदीकडे वळू. पाण्यात पडलेली घाण खाऊन टाकणे हा सूक्ष्मजीवांचा अनादि व्यवसाय आहे, आणि नदी वाहता वाहता शुद्ध होते असे आपण म्हणतो ते त्यांच्याच जोरावर. परंतु त्यांना त्यासाठी प्राणवायू लागतो, आणि आपल्या हवामानात एक लिटर स्वच्छ पाण्यात तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास मावतो. घाण किती, हे मोजण्याची रीत त्यावरूनच निघाली. ती घाण पचविण्यास सूक्ष्मजीवांना किती प्राणवायू लागेल, तो आकडा म्हणजे बीओडी. नदीत सोडावयाच्या पाण्यात हा आकडा लिटरमागे तीस मिलिग्रॅमहून अधिक नसावा, असा आपल्याकडील नियम आहे. कापडाच्या प्रोसेसमधून निघणाऱ्या पाण्याचा आकडा सहाशे असणे ही काही विशेष गोष्ट नाही. येथे एक छोटे गणित करावे. सहाशे आकड्याचे एक लिटर पाणी नदीत सोडले, तर ते ऐंशी लिटर स्वच्छ पाण्यातील सगळाच्या सगळा प्राणवायू खाऊन टाकील. आणि एक किलो सुती कापड धुऊन, रंगवून बाहेर काढण्यास पन्नासपासून दीडशे लिटरपर्यंत पाणी लागते. उन्हाळ्यातील पंचगंगेसारख्या नदीचे पात्र ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पुढचा हिशेब सांगण्याची गरज नाही.

आणि या आकड्याचा मोठा वाटा रंगाचा नसतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नाही. तो असतो खळीचा. सायझिंगमध्ये सुताला जी पिठाची कांजी चढविलेली असते, ती प्रोसेसमध्ये प्रथम धुऊन काढावी लागते, आणि ते पांढुरके, निरुपद्रवी दिसणारे पाणीच नदीचा श्वास कोंडण्यात पुढे असते. ही कांजी मात्र सूक्ष्मजीवांचे आवडते अन्न होय. म्हणून सांडपाण्याच्या टाकीत त्यांना ती द्यावी, नदीत देऊ नये.

टाकीत हे काम करून घेण्याची युक्ती इंग्लंडातील मँचेस्टर शहरात निघाली. एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोघांनी आपला निबंध ३ एप्रिल १९१४ रोजी तेथील सभेत वाचला. शहराच्या मैलापाण्यात त्यांनी हवा फुंकली. पहिल्या खेपेस पाणी पूर्ण शुद्ध होण्यास पाच आठवडे लागले. वरचे पाणी त्यांनी ओतून दिले, पण तळाचा गाळ फेकला नाही. त्याच गाळावर नवे मैलापाणी घालून पुन्हा हवा दिली. पुन्हा ओतले, पुन्हा घातले. दर खेपेस वेळ कमी कमी होत गेला आणि अखेर पाच आठवड्यांचे काम एका दिवसाच्या आत होऊ लागले. तो गाळ म्हणजे घाण नसून कामकऱ्यांची फौज होती, हे त्यांनी ओळखले. विरजण राखून ठेवणाऱ्या आपल्या भगिनींना ही युक्ती नवी वाटू नये. या दोघांना ज्यांनी त्या वाटेस लाविले ते गिल्बर्ट फाउलर १९१६ साली बंगलोरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेत आले. म्हणजे ही विद्या जन्मल्यावर दोन वर्षांतच आपल्या देशात आली होती. पुढे १९५८ साली नागपुरास सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधनसंस्था निघाली, तिलाच आज नीरी म्हणतात. १९७० साली महाराष्ट्राचे प्रदूषण नियंत्रण मंडळ झाले आणि १९७४ साली देशाचा जलप्रदूषणाचा कायदा आला. विद्या होती, संस्था होत्या, कायदाही झाला. ओढा मात्र रंगीतच राहिला. का राहिला, हे आता पाहावयाचे आहे.

सुतासाठी आज आपण जे रिॲक्टिव्ह रंग वापरतो, ते १९५६ साली बाजारात आले. ते धाग्याशी घट्ट जडतात, म्हणून गिऱ्हाइकास आवडतात. परंतु टाकलेल्या शंभर भागांतील वीस-तीस भाग, कधी त्याहूनही अधिक, धाग्याला न लागता पाण्याबरोबर जातात. यांतील बहुसंख्य रंग ॲझो जातीचे आहेत. त्यांच्या अणुरचनेत नत्रवायूच्या दोन अणूंची एक जोडगाठ असते, आणि रंग त्या गाठीच्या जोरावर उठतो. हवा फुंकलेल्या टाकीतील सूक्ष्मजीवांना ही गाठ सहसा सुटत नाही. त्यांच्याजवळ प्राणवायू मुबलक असतो, तेव्हा ते आपले विद्युत्कण त्यालाच देतात. रंगाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. म्हणून केवळ हवा देणाऱ्या केंद्रातून बीओडी उतरलेले, पण लालभडक पाणी बाहेर पडते, आणि चालक बिचारा गोंधळून जातो.

हेच पाणी आधी प्राणवायूविरहित बंद टाकीत काही काळ ठेविले आणि त्यात कांजीचे पाणी मिसळले, तर निळीच्या रांजणात घडत होते तेच येथे घडते. सूक्ष्मजीव कांजी खातात, विद्युत्कण द्यावयास दुसरे कोणी नसते, ते रंगाला देतात, आणि गाठ तुटते. पाणी फिके होते. फरक एवढाच की, निळीचा रंग हवा लागताच परत येतो; ॲझो रंगाची गाठ एकदा तुटली की पुन्हा जुळत नाही. जीनच्या कापडाची नीळ ज्यांच्या पाण्यात असते त्यांनी हा भेद ध्यानात ठेवावा. बंद टाकीतून निर्मळ दिसणारे त्यांचे पाणी नदीकाठी पोचेपर्यंत निळे होऊन त्यांची फजिती करील.

परंतु येथे थांबता कामा नये, आणि पुष्कळ ठिकाणी नेमके येथेच थांबतात. गाठ तुटली म्हणजे रंग गेला; विष गेले असे नव्हे. तुकडे उरतात ते ॲरोमॅटिक अमाइन जातीचे, आणि त्यांतील काही फार वाईट आहेत. १८९५ साली फ्रँकफर्टचे शस्त्रवैद्य लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातील कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होत असल्याचे दाखवून दिले. १८८४ साली निघालेला काँगो रेड हा रंग तुटला की त्यातून बेंझिडिन बाहेर पडते, आणि बेंझिडिन हे त्या रोगाचे ठरलेले कारण आहे. असे तुकडे देणाऱ्या रंगांवर पुढे जर्मनीने व मागोमाग आपल्याकडेही बंदी आली, हे बरेच झाले. तथापि बंदी नसलेल्या रंगांचे तुकडेही ओढ्यात सोडण्याजोगे नसतात. म्हणून बंद टाकीनंतर हवेची टाकी हवीच. या तुकड्यांपैकी पुष्कळसे, सगळे नव्हे, हवेतील सूक्ष्मजीव खाऊ शकतात. आधी बंद, मग उघडी, हा क्रम जो मोडील त्याचे पाणी एक तर रंगीत राहील, नाही तर रंगहीन विषारी राहील. यांपैकी दुसरे आम्ही अधिक वाईट समजतो, कारण शेतकरी रंगीत पाण्याला निदान भितो. शेवटी क्लोरीनचा मारा करून रंग उडविण्याची जी चाल काही ठिकाणी आहे ती तर डोळ्यांत धूळ फेकण्याची आहे.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात रंग तोडणाऱ्या जिवाणूंवर व बुरशीवर पुष्कळ वर्षे संशोधन झाले आहे आणि ते जगभर वाचले जाते. त्याविषयी आम्हास अभिमान आहे. परंतु प्रयोगशाळेच्या चंबूत एक रंग आणि एक जिवाणू असतो. कारखान्याच्या टाकीत सकाळी काळा रंग, दुपारी लाल, संध्याकाळी ब्लीचिंगचे पाणी येते. त्या संशोधनाचा हवाला देऊन पिशवीतली पूड विकावयास येणारे दलाल मात्र हा भेद सांगत नाहीत. पूड टाकून पहिले चार दिवस सुधारणा दिसते, मग पूर्ववत. ज्या टाकीला अन्न, हवा आणि विश्रांती नीट मिळते, तिच्यात योग्य ते जिवाणू आपोआप वस्तीस येतात. जिला मिळत नाही, तिच्यात विकतचे पाहुणे टिकत नाहीत.

तर मग टाकीची निगा कशी राखावी? काचेचे एक लिटरचे नळकांडे घ्यावे, हवेच्या टाकीतील पाणी त्यात भरून अर्धा तास स्थिर ठेवावे. गाळ तपकिरी, भरीव असून खाली बसला आणि वर निवळ पाणी राहिले, पावसाळ्यातील मातीसारखा वास आला, तर प्रकृती उत्तम. गाळ काळा व कुजका असेल तर हवा कमी पडली. गाळ बसतच नसेल, कापसासारखा फुगून राहत असेल, तर दोऱ्यासारखे जिवाणू माजले आहेत आणि पुष्कळदा नत्र-स्फुरदाची उपासमार त्याच्या मुळाशी असते. कारण कांजीत पिष्ट आहे, पण नुसत्या भातावर माणूस जगत नाही, तसे सूक्ष्मजीवही जगत नाहीत. बीओडीच्या शंभर भागांस नत्राचे पाच व स्फुरदाचा एक भाग लागतो, आणि आपल्या पाण्यात तो नसेल तर युरिया व डीएपी घालावे लागते. सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवून पाहावा. देठावर घंटेसारखे डोलणारे जीव दिसले तर निश्चिंत असावे. ते दिसेनासे झाले तर दुसऱ्या दिवशीच्या तपासणीची वाट पाहू नये. या सर्वास फार मोठे शिक्षण लागत नाही. रांजणाचा फेस पाहणाऱ्या माणसाची नजर लागते.

एका गावच्या सामुदायिक केंद्रावर आम्ही काही काळ सल्ल्यासाठी जात असू. तेथील गाळ आम्ही तीन महिने खपून उभा केला होता. एका रात्री कोणी तरी ब्लीचिंगचे उरलेले रसायन पिंपेच्या पिंपे गटारात सोडले. सकाळी टाकीवर पांढरा फेस होता आणि नळकांड्यात राखेसारखा मेलेला गाळ. केंद्र पुन्हा उभे राहण्यास तीन आठवडे गेले, आणि तितके दिवस सबंध गावाचे पाणी जसेच्या तसे नदीत गेले. रसायन कोणी सोडले ते कळले नाही. आम्ही फारसा शोधही केला नाही, कारण सभासदांपैकी प्रत्येकास ते कोणी दुसऱ्याने केले याची खात्री होती. सामुदायिक केंद्राचे खरे दुखणे हे आहे. रांजण घरचा होता, टाकी सर्वांची म्हणून कोणाचीच नाही.

सूक्ष्मजीवांना अशक्य असेही काही आहे, ते लपविणे योग्य नव्हे. मीठ ते खाऊ शकत नाहीत. रिॲक्टिव्ह रंग सुतावर चढावा म्हणून लिटरमागे तीस-चाळीस ग्रॅम, गडद रंगास त्याच्या दुप्पटही, मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट आपण घालतो. ते जसे आत जाते तसेच टाकीतून बाहेर येते. तमिळनाडूतील तिरुप्पूर येथे नोय्यल नदीवर ओरतुपाळयम येथे शेतीसाठी धरण बांधले, त्यात रंगाचे खारे पाणी साठले आणि खालच्या शेतकऱ्यांच्या जमिनी व विहिरी बिघडल्या. अखेर २०११ सालच्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने तेथील सातशेच्या वर रंगकारखाने बंद करण्याचा हुकूम दिला. शेतकरी न्यायालयात गेले होते ते रंगाऱ्याच्या द्वेषाने नव्हे, पिके जळाली म्हणून. सुरू व्हावयाचे तर पाण्याचा थेंबही बाहेर जाता कामा नये, मीठ गाळून परत वापरले पाहिजे, अशी अट पडली आणि लहान धंदेवाल्यांचे कंबरडे मोडले. ही वेळ आपल्यावर येऊ द्यावयाची नसेल, तर मीठ कमी लागणारे रंग, कमी पाण्याची यंत्रे आणि पहिल्या धुण्याचे खारे पाणी वेगळे काढणे, एवढे तरी टाकीच्या अलीकडे आपल्याच शेडमध्ये केले पाहिजे.

ग्लॉबर सॉल्टवरून एक शेवटची गोष्ट. त्यात गंधक आहे. बंद टाकीत प्राणवायू संपला की काही जिवाणू त्या गंधकाचा हायड्रोजन सल्फाइड वायू करतात. थोडा असता तो सडक्या अंड्यासारखा वास देतो. वाढला की प्रथम नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो, आणि मग माणसास. हवेहून जड असल्यामुळे तो टाकीच्या तळाशी बसतो. गाळ काढण्यास माणूस आत उतरतो, कोसळतो. त्यास वाचविण्यास दुसरा उतरतो, तोही कोसळतो. गटारे व मैल्याच्या टाक्या साफ करण्यास माणसास असे धोक्याने उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही उतरवितात, आणि उतरणारा माणूस कोणत्या ज्ञातीचा असतो हे या सभेत उच्चारण्याची आवश्यकता नाही. तो आपल्या ज्ञातीचा नसतो, एवढे आपणा सर्वांस ठाऊक आहे. वायू आपण घातलेल्या मिठातून जन्मलेला असतो. ज्यांच्या शेडमध्ये बंद टाकी आहे त्यांनी गाळ पंपाने काढावा, वायुमापक विकत घ्यावा आणि टाकीच्या तोंडाला कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवावी. खर्चाची सबब आम्ही ऐकून घेणार नाही.

मंडळापुढे आमची सूचना आहे की, शिष्यवृत्ती-निधीतून दरवर्षी दोन मुलांना, मुलींनाही, सांडपाणी केंद्र चालविण्याचे शिक्षण घेण्यास साहाय्य द्यावे. वैद्यक व अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांस मदत मिळतेच. या कामाकडे कोणी वळत नाही, कारण त्यास प्रतिष्ठा नाही. सूचना लेखी स्वरूपात चिटणिसांकडे दिली आहे. आमच्याजवळचा जुना सूक्ष्मदर्शकही त्यांच्या स्वाधीन केला आहे. त्याची भिंगे उत्तम आहेत, आरसा तेवढा बदलून घ्यावा लागेल.